संग्रहालयातला नटराज घासून लखलखीत का करत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संग्रहालयात चोळकालीन नटराज पाहिला. अंगावर काळपट-हिरवट थर, नाकडोळे झिजून पुसट झालेले, बैठकीला भोकं. देवळातल्या मूर्ती कशा लख्ख असतात, मग इथं साधं घासूनपुसून कुणी का ठेवत नाही? ही देवाची हेळसांड नाही का? आणि शेवटी एक घरचा प्रश्न: आजीच्या माहेराहून आलेला पितळेसारख्या धातूचा नाचरा बाळकृष्ण असाच हिरवा पडला आहे, तो लिंबू-मीठ लावून घासला तर चालेल का?

लिंबू-मीठ तेवढं आज लावू नका. बाकीचं वाचा आणि मग ठरवा.

मी संग्रहालयांसाठी धातूच्या वस्तूंचं जतन-संवर्धन करते. कांस्यमूर्ती टेबलावर आली की पहिले काही दिवस तिला हात न लावता नुसती बघण्यातच जातात, म्हणून तुमचा प्रश्न मला रोजच्या कामातला वाटला. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तो हिरवा थर म्हणजे मळ आहे की मूर्तीचाच भाग, हा एक. ती मूर्ती आज पूजेत आहे की संग्रहात, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बदललं की पहिल्याबाबत काय करायचं तेही बदलतं. त्यामुळे ‘कधीच घासू नये’ असा सरसकट नियम मी सांगणार नाही. पण तुम्ही पाहिलेल्या नटराजाबाबत माझं मत ठाम आहे: त्याला घासणं म्हणजे त्याच्या अंगावरचा हजारेक वर्षांचा पुरावा पुसून टाकणं.

ही मूर्ती घडते कशी, ते आधी पाहू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. मधमाशीचं मेण, राळ आणि तेल एकत्र करून शिल्पी आधी मेणाची पूर्ण मूर्ती करतो. तिच्यावर नदीकाठच्या अगदी बारीक गाळाचा पहिला लेप, मग जाडसर मातीचे थर. साचा वाळला की तापवायचा, मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती नोंदवून ठेवली आहे. तमिळनाडूतल्या कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै गावातले स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, आजही याच पद्धतीने, कावेरीच्या गाळाची माती वापरून मूर्ती ओततात.

चोळ काळातल्या उत्तम मूर्तींमध्ये दागिन्यांची नक्षी, वस्त्राच्या चुण्या, बोटांची नखं हे सारं मेणातच कोरलेलं असतं आणि धातूने ते जसंच्या तसं उचललेलं असतं. ओतल्यानंतर छिन्नीचं काम फार थोडं. आजच्या बऱ्याच मूर्तींमध्ये उलट असतं, नक्षी ओतल्यावर छिन्नीने काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक लगेच कळतो. मेणात ओढलेल्या रेषेच्या कडा किंचित गोलसर, ओघळल्यासारख्या दिसतात. छिन्नीच्या रेषेच्या कडा धारदार असतात आणि तळाशी हत्याराचे टप्पे उमटलेले असतात. जुन्या मूर्तीचं वय आणि घराणं ठरवताना आम्ही ज्या खुणा शोधतो, त्यातल्या बऱ्याचशा या केसाएवढ्या खोलीत असतात. घासण्याने सगळ्यात आधी नेमक्या त्याच जातात.

धातूबद्दलही दोन शब्द. आपण पंचलोह, म्हणजे पाच धातूंचं मिश्रण, म्हणतो, पण तपासणीत मुख्यतः तांबं, कथील आणि शिसं निघतं, सोनं-चांदी असली तरी नाममात्र. शिशामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. ते तांब्यात विरघळत मात्र नाही, बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहतं. हेच शिसं आज आमच्या उपयोगी पडतं. प्राचीन धातूंच्या अभ्यासक शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण भारतातल्या अनेक मूर्तींमधल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि इतर सूक्ष्म धातू मोजून, कोणत्या काळातल्या मूर्तींचा धातू एकमेकांशी जुळतो हे दाखवून दिलं. एरवी शैलीवरून जो काळ ठरवला जातो, त्याला त्यामुळे धातूचीही साक्ष मिळाली.

या मूर्ती भरीव असतात, हेही ध्यानात घ्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये दीड मीटर उंचीचा एक नटराज आहे, वजन सुमारे ३०० किलो. तो बंदरातल्या कंटेनर तपासायच्या क्ष-किरण यंत्राखाली नेऊन पाहिला गेला आणि अंतर्बाह्य भरीव निघाला. एवढं वजन देवळाबाहेर कशासाठी न्यायचे, यातच तुमच्या भोकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बहुतेक शिवमंदिरांत गाभाऱ्यात लिंग असतं. नटराज मुख्य स्थानी असण्याचं मोठं उदाहरण चिदंबरमचं. इतरत्र धातूची मूर्ती ही उत्सवमूर्ती. सणावाराला तिला अभिषेक होतो, वस्त्रं-दागिने चढतात आणि मग मिरवणूक निघते. बैठकीची भोकं आणि कड्या या दांड्या घालून, दोर बांधून मूर्ती खांद्यावर उचलण्यासाठी. वस्त्रं आणि हार घातल्यावर भाविकांना दिसायचा तो चेहरा, हात आणि पाय. संग्रहालयात आपण पाहतो ती कमरेची लवचीक कलाटणी देवळात बहुधा झाकलेलीच असायची.

आता तो झिजलेला चेहरा. दूध, दही, मध, चंदन, विभूती यांचे अभिषेक आणि नंतर चिंच किंवा राखेने घासणं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं की नाकाचं टोक, भुवया, ओठ गुळगुळीत होतात. कधी पुसट झालेले डोळे नंतरच्या कारागिरांनी पुन्हा कोरलेले असतात. त्याच मूर्तीच्या काखेत, जटांच्या आतल्या बाजूला किंवा पाठीवर बोट फिरवलं तर नक्षी जशीच्या तशी लागते. झीज कुठे आहे आणि कुठे नाही, यावरून मूर्ती पूजेत किती काळ होती, कुठल्या बाजूने हाताळली जात होती, याचा अंदाज येतो. सर्वांगावर सारखीच झीज दिसली तर मला शंका येते. नकली ‘पुरातन’ मूर्तींना यंत्राने किंवा आम्लाने झिजवताना नेमकी हीच चूक होते.

म्हणून तुम्हाला जो चेहरा दुर्लक्षित वाटला, तो खरं तर सगळ्यात जास्त सेवा झालेला भाग आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, झिजेची जागाच ते सांगते.

हिरव्या थराकडे येते. धामधुमीच्या काळात, उदाहरणार्थ चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरच्या स्वारीच्या सुमाराला, अनेक देवळांतल्या मूर्ती वाळूमातीत पुरून ठेवल्या गेल्या. पुरणारी माणसं गेली, जागा विसरली गेली, आणि नांगरताना किंवा पाया खणताना त्या वर आल्या. जमिनीत तांब्याचे थर बनतात ते साधारण ठरावीक क्रमाने: धातूला लागून तांबूस क्युप्राइट, त्यावर हिरवा मॅलाकाइट, कधी निळा अ‍ॅझ्युराइट (ही तिन्ही तांब्याची खनिजं), शिशामुळे मधूनमधून पांढुरकं काही. इथे एक गोष्ट सहसा लोकांच्या लक्षात येत नाही. धातू गंजतो तेव्हा तो थोडा आत खातो आणि गंज थोडा बाहेर फुगतो. शिल्पकाराने घडवलेली मूळ पातळी त्यामुळे या थरांच्या मध्येच कुठेतरी, बहुधा तांबूस आणि हिरव्या थरांच्या सीमेवर अडकून राहते. वरची माती आणि फुगलेला कच्चा थर भिंगाखाली, शस्त्रक्रियेच्या सुरीने हळूहळू काढला की त्या पातळीवर कंकणाचे मणी पुन्हा दिसू लागतात. पण सगळा गंज काढून धातूपर्यंत गेलात, तर मूळ पातळी ओलांडून खाली उतरलात. खाली जे चकाकतं, त्याला त्या शिल्प्याचा हात कधी लागलाच नव्हता.

म्हणजे हिरवं ते सगळं चांगलं, असं मात्र समजू नका. एक हिरवं खरोखर घातक असतं. त्याला आमच्या कामात ब्राँझ डिसीझ म्हणतात. मातीतलं किंवा समुद्री हवेतलं मीठ धातूच्या छिद्रांत शिरून तांब्याचं क्लोराइड तयार झालेलं असतं. ते आत गुपचूप बसून राहतं. हवेत दमटपणा वाढला की पाणी आणि ऑक्सिजन मिळून त्याची फिकट हिरवी भुकटी होते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आम्ल आतलं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं आणि चक्र चालू राहतं. भरीव मूर्तीलासुद्धा खड्डे पडतात, पातळ प्रभावळीची ज्वाला तर तुटूनच हातात येते.

ओळखायचं कसं? स्थिर थर गडद, घट्ट आणि गुळगुळीत असतो, लाकडी काडीच्या टोकाने दाबला तरी हलत नाही. रोगट ठिपका फिकट पिस्ता रंगाचा, भुसभुशीत, काडी लागताच पीठ पडतं. तो बहुधा खोबणीत सापडतो: बोटांच्या बेचक्यात, कमरपट्ट्याच्या काठाखाली, नटराजाच्या पायाखालच्या बुटक्या अपस्मार पुरुषाच्या मानेपाशी, बैठकीच्या तळाला. शंका असेल तर मी खालच्या कागदावरही लक्ष ठेवते. मूर्ती स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवायची, आणि नंतर कागदावर हिरवी भुकटी पडलेली दिसली की रोग चालू आहे.

त्यावर इलाज आहेत. भुकटी भिंगाखाली काढतात, क्लोराइड बाहेर ओढणारी किंवा त्याला बांधून ठेवणारी रसायनं वापरतात, मग राळेचा आणि मेणाचा पातळ संरक्षक लेप देतात. पण खरा इलाज हवेचा. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र थंडावतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या शहरात दालनाची आर्द्रता त्याच्या दुप्पट असते. मूर्ती काचेच्या बंद पेटीत ठेवतात आणि पेटीच्या तळाशी ओल शोषणारं सिलिका जेल भरतात, ते यासाठी. पेटीच्या कोपऱ्यात लहानसं मापक दिसलं तर त्यावरचा आकडा वाचा. त्या मूर्तीची काळजी घेतली जाते की नाही, हे चकाकीपेक्षा त्या आकड्यावरून जास्त कळेल. हेळसांडीची तक्रार करायची वेळ आली तर तिथेच करा, मी तुमच्या बाजूने असेन.

पूर्वी याबाबत वेगळा विचार होता, तोही सांगते. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात १९३० च्या दशकात एस. परमशिवन यांनी रोगट कांस्यमूर्तींवर विजेच्या प्रवाहाने प्रक्रिया करून त्यातलं क्लोराइड काढण्याचं मोठं काम केलं. देशात तेव्हा अशी प्रयोगशाळा म्हणजे नवलच होतं, आणि त्या उपचाराशिवाय काही मूर्ती आज उरल्याच नसत्या. मात्र त्या प्रक्रियेत गंजाबरोबर वरचे थरही निघून जातात. मूर्ती मरणाच्या दारात असेल तर मी आजही तो पर्याय विचारात घेईन, नुसती छान दिसावी म्हणून कधीच नाही.

थर जपण्याचं आणखी एक कारण आहे आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यात जड आहे. चोरी. तमिळनाडूतल्या शिवपुरम गावी १९५१ मध्ये जमिनीत नटराज सापडला. दुरुस्तीसाठी म्हणून तो कारागिराकडे गेला आणि देवळात परत आली ती नक्कल. भाविक नकलेची पूजा करत राहिले, खरा नटराज अमेरिकेत विकला गेला आणि १९८६ मध्ये भारतात परतला. पथूरचा नटराज १९७६ मध्ये खणताना सापडला, लंडनला पोचला, तिथल्या न्यायालयात खटला चालला आणि १९९१ मध्ये तो परत आला. तो ज्या गावचा म्हणून दावा होता तिथलाच आहे, हे सिद्ध करताना त्याच्या अंगावरची माती आणि गंजही तपासला गेला होता. श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये ५० लाख डॉलरच्या घरात विकत घेतला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळात जाऊन काढलेली जुनी छायाचित्रं होती, त्यांच्याशी मूर्ती ताडून पाहता आली, आणि २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. अशा जुळणीत सौंदर्य कामाला येत नाही. ओतकामातला एखादा खड्डा, ज्वालेचं मोडकं टोक, पायाजवळचा डाग, यांच्यावरून ‘हीच ती’ म्हणता येतं. घासून, भरून, झिलई देऊन एकसारखी केलेली मूर्ती आपली ओळख पटवू शकत नाही. चोरांचाही तोच फायदा असतो.

दिसण्याचं म्हणाल, तर माझ्या डोळ्यांना मंद पृष्ठभागच जास्त दाखवतो. चकचकीत धातूवर दिवे आणि आपलीच सावली दिसते, घडण हरवते. तिरुवालंगाडूचा नटराज, जो आज चेन्नईच्या संग्रहालयात आहे, त्याच्यावर फ्रेंच शिल्पकार रोदाँने भारावून लिहिलं. १९२१ मध्ये छापून आलेलं ते लेखन त्याने मूर्ती न पाहता, नुसत्या छायाचित्रांवरून केलं होतं. छाया आणि उजेड नीट पडलेला असला की फोटोतूनही एवढं पोचतं. पुढच्या वेळी मूर्तीच्या समोरून आधी बाजूला आणि मग शक्य तर मागे जा. उचललेल्या डाव्या पायाचा भार शरीराने कसा तोलला आहे, हे पाठीच्या कण्याच्या ओळीत दिसतं. कानही बघा: उजव्या कानात पुरुषी मकरकुंडल, डाव्यात बायकांचं गोल कर्णभूषण. घासलेल्या मूर्तीत हा फरक पुसट होतो.

आता देवळाबद्दल. पूजेतल्या मूर्तीला स्नान, अभिषेक, उटणं हे तिच्या जिवंतपणाचं लक्षण आहे. तिथे जाऊन ‘थर जपा’ म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. विचारलंच तर एवढंच सांगते की तारेची घासणी, आम्लाची पावडर आणि मीठ टाळा, अभिषेकानंतर साध्या पाण्याने धुऊन खोबणीतून कोरडं करा, आणि मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रं काढून ठेवा. संग्रहालयातल्या मूर्तीचं ते आयुष्य तुटलेलं आहे. कसं तुटलं, हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. त्यामुळे तिथे दुसरा नियम लागतो. दोन्ही ठिकाणी आदर आहे, फक्त रीत वेगळी.

तुमच्या बाळकृष्णाचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे: तो रोजच्या पूजेत आहे का, किती जुना आहे, आणि हिरवं कुठल्या जातीचं आहे. लिंबू-मीठ का नको, ते आता कळलंच असेल. मीठ म्हणजे क्लोराइड आणि लिंबू म्हणजे आम्ल. रोग व्हायला जे लागतं ते आपणच चोळून आत घालतो. मूर्ती चार दिवस लखलखते आणि पावसाळ्यात खोबणीतून पिस्ता रंगाची भुकटी येते.

मूर्ती पूजेतली आणि अलीकडची असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी, शक्य तर शेवटचं पाणी डिस्टिल्ड, आणि सुती कपड्याने टिपून पूर्ण कोरडी. सुगंधी तेल, तूप, ओलं कुंकू खोबणीत साचू देऊ नका. एवढ्याने मळ निघतो, थर निघत नाही, आणि ते पुरेसं आहे. मूर्ती जुनी वाटत असेल तर पाण्यालाही घाई करू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, ओल नसलेल्या जागी ठेवा, खाली पांढरा कागद घाला. कागदावर भुकटी पडली तर जवळच्या संग्रहालयाच्या संवर्धन विभागात चौकशी करा. इंटरनेटवर दिसणारी रसायनं घरी वापरू नका, त्यातली काही श्वासालाही वाईट आहेत. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते. नोंदणीने मूर्ती कुणी घेऊन जात नाही, ती घरातच राहते. उलट चोरीला गेली तर तीच कागदपत्रं कामाला येतात.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे घरोघरी रांगता बाळकृष्ण असतो, नाचरा बाळ बहुधा दक्षिणेकडून आलेला. तो नक्की कृष्णच आहे का, हे हात पाहून ठरवा. कृष्णाच्या हातात लोण्याचा गोळा असतो किंवा तळहात अभय देणारा. उजव्या हाताचं एकच बोट वर आकाशाकडे रोखलेलं असेल, तर तो तमिळ शैव परंपरेतला बालसंत संबंदर असू शकतो. संग्रहालयांच्या पाट्यांवरही या दोघांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

फोटो पाठवलेत तर आणखी नेमकं सांगता येईल: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, बैठकीच्या तळाचा आणि हिरव्या डागाचा जवळून. सोबत फूटपट्टी ठेवा, फ्लॅश बंद, खिडकीचा तिरका उजेड. काढण्याआधी मूर्ती पुसू नका.